ट्रेसरबाईंनी डिस्क पुसू दिली नाही

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात बाई लागल्या त्या एकविसाव्या वर्षी, ट्रेसर म्हणून. अभियंत्यांनी पेन्सिलीने काढलेला जलवाहिन्यांचा नकाशा गुळगुळीत ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवून घ्यायचा, हे काम. कुठून नळ वळतो, कुठे व्हॉल्व आहे, तो जमिनीखाली किती खोल आहे, हे सगळं बारीक अक्षरात. पुढे हुद्दा दोनदा बदलला, पगाराचा रकाना बदलला, टेबल खिडकीपाशी आलं. पण ट्रेसरबाई हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता पंचावन्नाव्या वर्षीही शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ट्रेसरबाईच म्हणत.

बाई तशा कमी बोलणाऱ्या. पण कुणी त्यांच्या टेबलावर कोपर टेकवला, किंवा नकाशावर चहाचा कप ठेवला, तर मात्र एकच वाक्य असं बोलायच्या की समोरचा पुढचे दोन महिने त्या खोलीत हात मागे बांधून यायचा. एखादी वस्तू बिघडली असं कुणी सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “शेवटची कधी चालली होती? आणि त्यानंतर कुणी काय केलं?” या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा कुणी देत नाही, असा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

अकरा वर्षांपूर्वी खात्याने ठरवलं की सगळे नकाशे संगणकात घ्यायचे. दारापेक्षा रुंद असा एक स्कॅनर आला, तेवढाच रुंद, नकाशे छापणारा एक प्लॉटर आला, आणि ती दोन धुडं चालवायला एक संगणक आला. बाईंनी एकेक कापड स्कॅनरमधून काढलं. शहराच्या एका विभागाचे सगळे तुकडे जोडून एकच मोठा नकाशा करायचा, की झाला तो विभाग. असे एकवीस विभाग त्यांनी अकरा वर्षांत पुरे केले. मधल्या काळात स्कॅनर बनवणारी कंपनी बुडाली. तिचा प्रोग्राम चालायचा फक्त त्या जुन्या संगणकावर, तोही होता तसाच ठेवला तर. म्हणून तो आला तेव्हा बसवलेली त्याची यंत्रणा कुणी बदलली नाही. ऑफिसात त्या संगणकाला म्हातारा म्हणत. शेजारच्या टेबलावर दोन वर्षांपूर्वी एक नवा संगणक आला, तो पत्रं लिहायला आणि तक्ते करायला. नकाशे मात्र उघडायचे म्हाताऱ्यावरच.

मूळ कापडं? ती गावाबाहेरच्या गोदामात गेली. “कागद जागा खातो,” असं त्या वेळच्या साहेबांचं मत होतं. खोक्यांवर नंबर घालायचं राहून गेलं, आणि ते राहिलं ते आजतागायत.

तर तीन आठवड्यांपूर्वी म्हाताऱ्याची नकाशांची डिस्क कुरकुरायला लागली. बाईंनी लगेच अर्ज केला. खात्याच्या दृष्टीने विजेच्या वेगाने, म्हणजे अठरा दिवसांनी, नवी डिस्क आली. ती तयार करायला वरच्या मजल्यावरून संगणक विभागाचा माणूस आला. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे, कारण त्याला सगळे फॉरमॅटभाऊ म्हणत. दुखणं कसलंही असो, त्याच्याकडे औषध एकच. प्रिंटर अडकला तरी तो संगणकाकडे बघून म्हणायचा, “एकदा पुसून नव्याने टाकू या का?” स्वभावाने वाईट नव्हता बिचारा. चाळीस ऑफिसांना तो एकटा पुरायचा, आणि सगळं पुसलं की लोकांचे प्रश्नही पुसले जातात हे त्याला कळून चुकलं होतं.

त्याने नवी डिस्क नव्या संगणकाला लावली, तयार केली, आणि जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायला लावलं. दोन दिवस ते चाललं होतं. शनिवारी दुपारी पुरं झालं. बाई म्हणाल्या, “म्हाताऱ्याला लावून बघू या, मग जा.”

“सोमवारी बघू ना बाई. डिस्क ती डिस्क. इथे चालली म्हणजे तिथे चालणारच.”

सोमवारी सकाळी बाईंनी जुनी डिस्क म्हाताऱ्याला लावून शेवटची चालवून पाहिली. दोनदा टक्टक् झालं आणि ती गप्प झाली, कायमची. बाईंना वाईट वाटलं नाही. नकाशे नव्या डिस्कवर आले होते. त्यांनी नवी डिस्क लावली, ती माउंट करायची, म्हणजे उघडून जोडून घ्यायची, आज्ञा दिली, आणि पडद्यावर एक ओळ उमटली. तिचा मराठीत अर्थ असा: फाइलसिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचा, प्रकार चुकीचा आहे, किंवा पर्याय चुकीचा आहे, किंवा सुपरब्लॉक, म्हणजे त्या मांडणीची मूळ नोंद, खराब आहे, किंवा आणखी काही चूक आहे.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. “किंवा आणखी काही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “म्हणजे बोललास काय आणि न बोललास काय.”

तेवढ्यात साहेब दारात आले. कार्यकारी अभियंता, उंच माणूस, एरवी सावकाश बोलणारा. आज सावकाश बोलत नव्हता. सातव्या विभागात शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मोठी जलवाहिनी फुटली होती, आणि उताराने पाणी सरळ प्रसूतिगृहाच्या तळघरात चाललं होतं. पंप लावले होते, पण पाणी पंपांपेक्षा जोरात होतं. टाकीपाशी मुख्य झडप बंद केली तर अर्ध्या शहराचं पाणी जाणार, त्यात दोन रुग्णालयं. गल्लीची स्वतंत्र झडप कुठेतरी आहे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण मागच्या वर्षी तिथे नवी फरशी बसवली, आणि बसवणाऱ्याने झडपेच्या झाकणावरूनच फरशी नेली.

“सातव्याचा नकाशा काढा बाई. तो व्हॉल्व नेमका कुठे आहे तेवढं सांगा. माझा माणूस तिथे पहार घेऊन उभा आहे.”

“साहेब, डिस्क उघडत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे उघडत नाहीये.”

साहेबांनी ताबडतोब फॉरमॅटभाऊला खाली बोलावलं. त्याने पडद्यावरची ओळ वाचली आणि सगळ्या ओळीतले दोनच शब्द उचलले. “सुपरब्लॉक खराब. डिस्क गेलीय. नवीच खराब निघाली. पुसून परत तयार करतो, मग जुनीवरनं परत उतरवू.”

“जुनी सकाळी बंद पडली.”

फॉरमॅटभाऊचा हात कीबोर्डवर होता तो तिथेच थांबला. बाईंनी तो सभ्यपणे उचलून बाजूला ठेवला.

“या डिस्कवर काहीही लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “वाचायचं तेवढं वाचा.”

मग सुरू झाला तो वैताग. फॉरमॅटभाऊ म्हणाला वायर बघू. वायर बदलली. तीच ओळ. दुसरी वायर आणली. तीच ओळ. तिसरी वायर तर लेखाविभागातून उसनी आणली, सही देऊन. तीच ओळ. साहेब दर पाच मिनिटांनी दाराशी येऊन “झालं?” म्हणत, आणि परत फोन कानाला लावत.

बाईंनी डिस्क काढली आणि शेजारच्या नव्या संगणकाला लावली. क्षणात उघडली. एकवीस विभाग, एकवीस फोल्डर, एकही कमी नाही. परत म्हाताऱ्याला लावली: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकीचा आहे, किंवा पर्याय चुकीचा आहे, किंवा.

“बघा, तिकडे चालतेय,” बाई म्हणाल्या. “मग खराब कशी?”

“कधीकधी अशी चालते. सुपरब्लॉक अर्धवट खराब असला की.”

“अर्धवट खराब म्हणजे किती? टक्क्यात सांगता?”

फॉरमॅटभाऊने खांदे उडवले. त्याने डिस्क तपासायचं साधन म्हाताऱ्यावर चालवलं, फक्त वाचण्यापुरतं, बाई शेजारी उभ्या राहिल्या म्हणून. साधन म्हणालं की या डिस्कवर त्याच्या ओळखीच्या नसलेल्या काही गोष्टी आहेत, तरी साधनाची नवी आवृत्ती आणावी.

“झालं. तपासणीलाही नापास,” तो म्हणाला.

“नापास नाही म्हणत ते. मला कळत नाही, म्हणतंय. यात फरक आहे. साहेबसुद्धा पुष्कळदा कळत नाही म्हणतात, म्हणून आपण त्यांना पुसून टाकतो का?”

साहेब दारातच होते. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“मग नवी आवृत्ती म्हाताऱ्यावर टाकू,” फॉरमॅटभाऊ म्हणाला.

“आणि त्याचा स्कॅनरचा प्रोग्राम बंद पडला तर नकाशा उघडणार कशात? तुमच्या पत्रांच्या संगणकात?”

त्याच वेळी बाईंचा फोन वाजला. धाकटी नणंद. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी संपल्यापासून ती घरीच असे आणि आवाज अजून नोकरीतलाच, खणखणीत.

“वहिनी, नळाला पाणी नाही. तुझ्या खात्याला सांग जरा.”

“मी खात्यातच आहे.”

“म्हणून तर तुला सांगतेय. साडेअकरा वाजले, माझे कपडे साबणात पडलेत.”

“मग पडू देत,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नणंदेचा फोन मधेच ठेवला होता. तिचा जबाब संध्याकाळी द्यावा लागणार, हे त्यांना फोन ठेवता ठेवताच कळलं.

मग त्यांना वाटलं, सगळी डिस्क कशाला? आपल्याला एकच नकाशा हवाय. त्यांनी खणातून पेनड्राइव्ह काढला. चौसष्ट जीबीचा, कोराकरकरीत. नव्या संगणकावरून सातव्या विभागाची जोडलेली फाइल त्यावर उतरवायला घेतली. फाइल सहा जीबीची. अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. पडद्यावर आलं: फाइल फार मोठी आहे.

बाईंनी पेनड्राइव्ह हातात घेऊन त्यावर छापलेला आकडा पाहिला. चौसष्ट. परत पडद्याकडे पाहिलं.

“चौसष्टात सहा मावत नाहीत?” त्यांनी फॉरमॅटभाऊला विचारलं.

“त्याची पद्धत जुनी असते ना. चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्याला लिहिताच येत नाही. जागा कितीही असली तरी.”

“हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

“होतं.”

“आणि मी उतरवायला लागले तेव्हा तुम्ही इथेच उभे होता.”

“विचारलं नाहीत तुम्ही.”

बाई खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. साहेब आले आणि म्हणाले की तळघरात पाणी आता गुडघ्यापर्यंत आलंय, औषधांची खोकी वर न्यायला लागलेत, आणि गोदामाच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत तो रजेवर आहे.

“साहेब, मला दहा मिनिटं द्या. आणि कुणी माझ्याशी बोलू नका,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी फॉरमॅटभाऊला दाराबाहेर घेतलं.

बाईंना यंत्रं कुणी शिकवली नव्हती. संगणक आला तेव्हा त्यासोबत एक जाडजूड पुस्तक आलं होतं, ते त्यांनी चार महिन्यांत, रोज जेवणाच्या सुट्टीत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं होतं. त्यात एक गोष्ट लिहिलेली त्यांना आठवत होती. पडद्यावर जे येतं ते यंत्र माणसाला सांगतं. स्वतःला जे सांगतं ते ते वहीत लिहितं. त्यांनी म्हाताऱ्याची नोंदवही उघडली. शेवटच्या पानावर आज सकाळपासूनच्या अकरा प्रयत्नांच्या अकरा नोंदी होत्या, आणि सगळ्या एकसारख्या. त्यात ना सुपरब्लॉक होता, ना खराब हा शब्द. लिहिलं होतं की या डिस्कवर काही ऐच्छिक वैशिष्ट्यं वापरली आहेत, ती आम्हाला हाताळता येत नाहीत, म्हणून माउंट केली नाही.

त्यांनी दार उघडलं. “शनिवारी डिस्क तयार करताना काय केलंत? खरं सांगा, मी रागावणार नाही.”

“काही वेगळं नाही केलं,” फॉरमॅटभाऊ म्हणाला. “नव्या संगणकाला तयार कर म्हटलं, तो विचारत गेला, मी एंटर दाबत गेलो.”

“आणि त्याने स्वतःच्या मनाने नव्या सोयी घातल्या.”

फॉरमॅटभाऊने आपल्या मोबाइलवर शोधलं, वाचलं, आणि जरा वेळाने मान हलवली. हल्लीच्या यंत्रणा डिस्क तयार करताना दोन नवी वैशिष्ट्यं आपणहून चालू करतात. नव्या यंत्रणेला त्यांचं काही वाटत नाही. जुनी मात्र त्यातलं एक दिसलं की दारातूनच परत पाठवते, कारण अनोळखी गोष्टीला हात लावून आतलं बिघडवण्यापेक्षा ते बरं.

“शहाणा आहे म्हातारा,” बाई म्हणाल्या.

“ती वैशिष्ट्यं नव्या संगणकावर बंद करता येतात,” फॉरमॅटभाऊ उत्साहाने म्हणाला. “दोन आज्ञांचं काम. आत्ता करतो.”

“एकुलत्या एका प्रतीवर? मधेच वीज गेली म्हणजे?”

“मग काय करायचं?”

बाईंनी पेनड्राइव्ह उचलला. “नव्याला जुनं कळतं ना?”

“कळतं. नेहमीच कळतं.”

“मग हा म्हाताऱ्याकडून तयार करून घ्यायचा. त्याच्या पद्धतीने, त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच घालून. तो नव्या संगणकाला वाचता येईल, लिहिता येईल, आणि ही चार जीबीची अडचणही राहणार नाही.” पुढचा शब्द तोंडातून काढणं त्यांच्या जिवावर आलं होतं. “करा फॉरमॅट.”

फॉरमॅटभाऊने त्यांच्याकडे बघितलं. हसायचं की नाही हे त्याला ठरवता येईना. त्याने हसायचं टाळलं आणि म्हाताऱ्यासमोर बसला. आज्ञा देण्याआधी त्याने मोठ्याने विचारलं, “पेनड्राइव्हच ना? तुम्ही बघा एकदा.” बाईंनी नाव तपासलं, आकार तपासला, मोठी डिस्क म्हाताऱ्याला लावलेली नाही हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच हो म्हणाल्या. पेनड्राइव्ह काही सेकंदांत तयार झाला. नव्या संगणकाने तो बिनतक्रार घेतला. सहा जीबी उतरायला सात मिनिटं लागली, आणि त्या सात मिनिटांत साहेबांनी चार वेळा घड्याळ बघितलं. मग पेनड्राइव्ह म्हाताऱ्याला लावला. माउंटची आज्ञा दिली.

पडद्यावर काहीच आलं नाही. काही न येणं ही त्या यंत्राची होकार द्यायची पद्धत होती.

सातवा विभाग उघडला. शिंप्यांच्या गल्लीचा कोपरा मोठा केला, तर तिथे बाईंचं स्वतःचं, तेविसाव्या वर्षीचं अक्षर होतं: कोपऱ्यावरच्या इमारतीच्या पायापासून सव्वाअकरा फूट, खोली साडेचार. साहेबांनी आकडे फोनवर वाचून दाखवले. पलीकडे व्हॉल्वमन होता, त्याचा आवाज पाण्याच्या आवाजात बुडून जात होता. “सव्वाअकरा कुठल्या भिंतीपासून?” त्याने विचारलं. “दुकानाच्या की दवाखान्याच्या?”

बाईंनी साहेबांच्या हातातून फोन घेतला. “दवाखान्याच्या. पायाच्या दगडापासून मोजा, नव्या पायरीपासून नाही. पायरी नंतरची आहे.”

पाऊण तासाने फोन आला. फरशीखाली झाकण सापडलं, ते गंजून जाम झालं होतं, दोघांनी मिळून फिरवलं, आणि पाणी थांबलं. तळघरात भिजायचं ते भिजलं होतं, पण वीज आणि औषधं वाचली. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, “चहा मागवा कुणीतरी.” बाईंना तेव्हा कळलं की आपण सकाळपासून डबा उघडलेलाच नाही.

संध्याकाळी घरी नणंद साबणाच्या कपड्यांची बादली दारातच ठेवून बसली होती, पुरावा म्हणून.

“फोन आदळलास माझ्यावर.”

“आदळला नाही. ठेवला.”

“काय झालं होतं एवढं?”

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला. डिस्क, वैशिष्ट्यं, जुनी यंत्रणा, नवी यंत्रणा. नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं?”

“नाही.”

“आणि दिवस मात्र पुरा गेला.”

“हो.”

“मग तर चिडशीलच,” नणंद म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली. पाणी सव्वादोनला आलं होतं. कपडे तिने मुद्दाम धुतले नव्हते.

पुढच्या तीन दिवसांत म्हाताऱ्याच्या पद्धतीने तयार केलेल्या दुसऱ्या डिस्कवर सगळे एकवीस विभाग उतरले. ती प्रत कपाटात गेल्यावरच बाईंनी फॉरमॅटभाऊला पहिल्या डिस्कला हात लावू दिला. त्याने नव्या संगणकावर ती आधी तपासली, मग दोन वैशिष्ट्यं एकेक करून बंद केली, परत तपासली. म्हाताऱ्याने ती उघडली. त्या दिवसापासून फॉरमॅटभाऊने एक नियम केला की डिस्क ज्या यंत्रात लागायची तिथेच तयार करायची, आणि निघण्याआधी लावून बघायची. चाळीसही ऑफिसांत हा नियम तो स्वतःचाच म्हणून सांगतो. बाईंनी कधी हरकत घेतली नाही.

वर्तमानपत्रात व्हॉल्वमनचा फोटो आला, गुडघाभर पाण्यात, हातात पहार. बाईंना त्याचंही काही वाटलं नाही, भिजला तो. त्यांचं डोकं फिरलं ते दुसऱ्याच कारणाने. कपाटातली डिस्क संगणक विभागाची, उसनी होती. नकाशांची दुसरी प्रत कायम वेगळ्या इमारतीत ठेवावी, त्यासाठी आणखी एक डिस्क मिळावी, असा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात केला होता. बारा दिवसांनी तो परत आला. वर लाल शाईत शेरा: आवश्यकता स्पष्ट करावी.

बाईंनी तो कागद घेतला आणि जिना चढून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांसमोर दोन अभियंते बसले होते. बाईंनी कागद टेबलावर ठेवला, शेऱ्यावर बोट ठेवलं, आणि उभ्या राहिल्या.

साहेबांनी वाचलं. “बसा ना बाई.”

“सही झाली की बसते,” बाई म्हणाल्या.

अभियंते उगाचच आपापल्या फायलींत बघू लागले. साहेबांनी पेन शोधलं, ते सापडेना, तर बाईंनी आपलं पुढे केलं.